आवाज न काढता गाणारी रेजिना

समोरच्या फ्लॅटमध्ये आता एक नवीन जोडपं राहायला आलंय. दिवसभर टीव्ही चालू असतो त्यांचा. माणसं वाईट नाहीत, दार उघडलं की हसतात. पण शुक्रवारी सकाळी त्या दारामागून बातम्या ऐकू आल्या की माझं डोकं फिरतं. त्या दारामागे शुक्रवारी आवाज नसायचा. दहा-बारा माणसं आत गात असायची, आणि आवाज नसायचा.

तिथे रेजिना राहायची. वसईकडची, इथल्या इस्पितळात नर्स. नवरा पास्कोल रिफायनरीत वेल्डिंग तपासायच्या कामाला. मी इथे सौदीत यान्बूला आले ती मुलाकडे, नातवंडं सांभाळायला. मुलगा कामावर, सून शाळेत शिकवते, नातवंडांशी मराठीत बोललं तर ती इंग्रजीत उत्तर देतात. मला अरबी येत नाही, हिंदीही बाजारापुरती. सगळ्या मजल्यावर माझ्याशी मराठीत भांडेल अशी एकच बाई होती.

भांडणच म्हणायचं, कारण पहिल्याच भेटीत तिने माझा अपमान केला. मी जिन्यात नातवाला हाक मारली. ही ड्यूटीवरून येत होती. थांबली आणि म्हणाली, "मावशी, तुमचा आवाज पितळी आहे. मासे विकायला फार चांगला." मी म्हटलं, माझ्या आईने मासेच विकलेत, गुहागरला. ती म्हणाली, तरीच. आणि दुसऱ्या दिवशी अर्धा किलो सुरमई घेऊन दारात हजर. ती अशी होती. माणसाचा चेहरा बघायच्या आधी आवाज बघायची. आमचा नातू महेश नाकातून बोलतो हे त्याच्या आईला कळलं नव्हतं, हिने पाच मिनिटांत सांगितलं. रोग्याची नाडी हातात धरली की तिचा पाय ठेका धरायचा. एकदा ती माझं ब्लडप्रेशर बघत असताना मी तिला ओरडले की हे काय तमाशाचं चाललंय. म्हणाली, तुमची नाडीच तशी आहे, मी काय करू.

आता ते शुक्रवारचं सांगते. इथे सुट्टी शुक्रवारी असते.

तिचा डबा माझ्याकडे राहिला होता, तो द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बघते तर हॉलमध्ये माणसं उभी. केरळच्या दोन नर्सा, एक फिलिपिनो बाई, गोव्याचा क्रेनवाला बेनी, आणखी काहीजण. सगळ्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती, आणि एक शब्द ऐकू येत नव्हता. समोर रेजिना हात हलवत उभी. मला वाटलं माझे कान गेले. मी मुद्दाम डबा टेबलावर आपटला. डब्याचा आवाज आला. म्हणजे कान शाबूत होते.

तेवढ्यात तिने हात थांबवला आणि बेनीकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "बेनी, तू परत खाली उतरलास."

बेनी म्हणाला, "सिस्टर, मी आवाज तरी काढला काय?"

"तुझा गळा दिसतो मला. वरच्या सुराला तो वर जायला पाहिजे. पुन्हा."

आणि पुन्हा सगळ्यांनी ते पहिल्यापासून गायलं. तसंच, मुक्याने. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल ओढून बसले, मला कोणी बस म्हटलं नव्हतं. त्यानंतर बहुतेक शुक्रवारी तिथेच बसत गेले.

या गावात चर्च नाही. घरात काय करायचं ते करा, आवाज बाहेर नको, असं पास्कोलला त्याच्या साहेबाने अगदी सुरुवातीला सांगितलेलं. भिंती पातळ, खालीवर बिऱ्हाडं. मग हिने ही पद्धत काढली. मी आले तोवर दिवस बदलले होते. बायका गाड्या चालवायला लागल्या होत्या, समुद्रावर गाणी वाजायची. केरळच्या एका पोरीने सुचवलं की आता कोण काही बोलत नाही, बारीक आवाजात गाऊ या. रेजिना एरवी हसतखेळत बोलणारी. त्या दिवशी तिचा चेहरा बदलला.

"बारीक आवाजात गायचं म्हणजे चोरून गायचं," ती म्हणाली. "मी चोरून गात नाही. मी मनात गाते, आणि अख्खं गाते."

ते खरं होतं. बाकीचे नुसते ओठ हलवत असतील, कोण जाणे. हिच्या मानेच्या शिरा फुगायच्या. वरचा सूर लागला की टाचा उचलायची. गाणं संपेपर्यंत ब्लाऊज घामाने ओला, एसी चालू असताना. बसून पाणी प्यायची ती मैलभर चालून आल्यासारखी. शेवटचं गाणं मात्र मराठीच हवं असायचं तिला. त्या फिलिपिनो बाईला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण तिच्याकडून पाठ करून घेतलेलं. शब्द चुकला तर तोही हिला ओठांवर दिसायचा.

तिच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या कपाटाला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. कपाट उघडलं की हळदीच्या आणि धण्याच्या बाटल्यांशेजारी ते दिसायचं. एक पांढरी दगडाची बाई कुशीवर झोपलेली, डोक्याला फडकं, तोंड पलीकडे वळवलेलं. मी विचारलं, हिचं डोकं दुखतंय का. रेजिना मासे साफ करत होती. हसून सुरीच खाली ठेवली तिने.

"ही आमची सेसिलिया," ती म्हणाली. "डोकं नाही दुखत, मान कापलीय. नीट बघा."

बघितलं तर मानेवर खरंच चीर होती.

मग तिने खवलं काढता काढता सगळं सांगितलं. ही सेसिलिया रोम शहरातली, फार जुन्या काळची. मोठ्या घरची मुलगी. तिने देवाला वचन दिलेलं की लग्न करणार नाही, पण घरच्यांनी जबरदस्तीने लावून दिलं. लग्नात वाजंत्री वाजत होती, सगळे नाचत-गात होते, आणि ही नवरी गप्प उभी राहून मनातल्या मनात देवासाठी गात होती. रात्री तिने नवऱ्याला सांगितलं की माझ्याजवळ देवदूत उभा आहे, मला हात लावू नकोस. नवरा शहाणा. त्याने ऐकलं, तोही ख्रिस्ती झाला, त्याचा भाऊही झाला. मग राजाच्या माणसांनी दोघा भावांना मारलं. हिला न्हाणीघरात कोंडून खालून आग लावली. वाफेत ही मेली नाही. मग तलवारवाला पाठवला. त्याने मानेवर तीन घाव घातले, मान तुटली नाही. चौथा घाव घालायचा नाही असा तिथला कायदा, म्हणून तो तशीच टाकून निघून गेला. तीन दिवस ती जिवंत होती. बोलत होती, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, माझं घर चर्चला द्या.

मी म्हटलं, "तीन घावांत एका पोरीची मान तुटत नाही, तो कसला तलवारवाला. आमचा कोंबडीवाला बरा."

ती इतकी हसली की पास्कोल बघायला आला. मग म्हणाली, "आमचे फादर सांगायचे की यातलं बरंचसं लोकांनी मागाहून रचलंय. असू दे. शेकडो वर्षांनी शवपेटी उघडली तेव्हा ती अशीच झोपलेली सापडली म्हणतात. तेही असू दे. लग्नात ती मनात गायली, तेवढं मला पुरतं."

मी विचारलं, मग ही कोणाची देवी. म्हणजे आमच्यात जशी सटवाई पोरांची, तसं हिचं काय. रेजिना म्हणाली, गाणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची. मला ते पटलं नाही. म्हटलं, अगं, तू सांगितलंस त्यात ती एकदा तरी तोंड उघडून गायली का. मग गाण्याची देवी कशी.

रेजिनाने तुकडी धुतली, मीठ लावलं आणि म्हणाली, "म्हणूनच."

तिच्या गावात नोव्हेंबरात या सेसिलियाचा सण असतो. रेजिनाचा बाप बँडात क्लॅरिनेट वाजवायचा, लग्नांच्या वराती हीच त्याची कमाई. सणाच्या दिवशी आसपासच्या गावचे बँडवाले आपापली वाद्यं घेऊन चर्चमध्ये यायचे. ती वाद्यं वेदीपाशी ठेवायची, फादर त्यांच्यावर पाणी शिंपडायचे. मग मिस्सा, म्हणजे त्यांची चर्चमधली प्रार्थना, आणि मिस्सेत गायनमंडळ. रेजिना शाळेत होती तेव्हापासून त्या मंडळात पहिल्या रांगेत. लग्न झालं, नर्स झाली, इकडे आली. तेव्हापासून सणाला जाणं नाही. सुट्टी मिळायची ती जून-जुलैत, पोरांच्या शाळा बंद असताना. नोव्हेंबरात इस्पितळाची तपासणी असायची. पोरं मोठी होऊन बंगळुरूला शिकायला गेली तरी तिची सुट्टी उन्हाळ्यातच. मागायची सवयच नव्हती तिला.

इथे सणाच्या दिवशी ती फुगे तळायची, मैद्याचे गोल गोळे. गावाला ते पीठ ताडी घालून फुगवतात. इथे ताडी कुठली, ती यीस्ट घालायची. दरवर्षी पहिला फुगा तोंडात टाकून म्हणायची, छे. दुसरा टाकायची, छे. आणि आम्हाला ताट भरून द्यायची. मला आवडायचे. मी तसं सांगितलं तर म्हणायची, तुम्ही खरे खाल्ले नाहीत ना, म्हणून. पुढच्या वर्षी गावाहून आणते. ते पुढचं वर्ष येत नव्हतं.

मागच्या पावसाळ्याच्या सुमाराला, म्हणजे गावाकडचा पावसाळा, इथे तेव्हा भट्टी असते, तिच्या गळ्याला गाठ लागली. तिनेच चाचपून काढली, आरशात गिळून बघताना. तपासण्या झाल्या. जेद्दाच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरने सांगितलं, काढायला लागेल. आवाजाची नस गाठीला चिकटल्यासारखी दिसतेय, जपून काढू, पण आवाज राहील अशी खात्री देत नाही. ऑक्टोबरातली तारीख देत होता.

ती घरी आली आणि मला म्हणाली, तारीख मी डिसेंबरची मागितली.

मला कळलं का ते. मी तिला चांगलंच सुनावलं. म्हटलं, नर्स आहेस ना तू. दुसऱ्याला असं करू दिलं असतंस का. गळ्यात ती गाठ घेऊन मिरवायला निघालीस. आधी कापून टाक. जगलीस तर पुढच्या नोव्हेंबरला गा.

ती म्हणाली, "मावशी, पुढच्या नोव्हेंबरला गायला मी असेन. आवाज नसेल."

"मग मनात गा. येतंच की तुला."

हे मी चिडून म्हटलं. तिला राग आला नाही. ती म्हणाली, "मनात गाते ते कशाच्या जोरावर? एक दिवस मोकळ्याने गायचंय या जोरावर."

पास्कोल तिच्याशी आठ दिवस बोलला नाही. मग डॉक्टरशी फोनवर बोलला. डॉक्टरने कबूल केलं की गाठ हळू वाढणारी आहे, थोडं थांबलं तर चालेल, पण डिसेंबरच्या पुढे नाही. तेव्हा पास्कोलने तिकीट काढलं.

राहिली सुट्टी. तपासणी तोंडावर, कोणालाच रजा नव्हती. तिच्या वॉर्डाची मोठी सिस्टर इथलीच, सौदी बाई, शिस्तीची. बाकीच्या नर्सांनी सांगितलं, आई आजारी आहे म्हण. रेजिनाची आई वारून वर्षं झालेली. म्हणाली, मेलेल्या आईला आजारी कशी पाडू. सरळ आत गेली आणि खरं ते सांगितलं, की गळा कापायच्या आधी एकदा माझ्या गावी सगळ्यांबरोबर मोठ्याने गायचंय. कुठे गायचंय तेही सांगितलं. बाहेर सगळ्यांचा जीव टांगणीला. ती बाई म्हणे बराच वेळ तिच्या गळ्याकडेच बघत बसली. मग सही केली आणि म्हणाली, "यल्ला, रूही." म्हणजे जा, निघ.

रेजिना गेली. तिच्यामागे ते आठ-दहा दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. शुक्रवारी ती माणसं आली, पण बेनीला कोणी चुका दाखवेना. लवकर आटपून गेली.

परत आली ती डबाभर फुगे घेऊनच. खरे, ताडीचे. शिळे झाले होते तरी मला फरक कळला. मी सांगितलं, होय, हे वेगळे आहेत. मग विचारलं, गायलीस का.

ती स्टुलावर बसली. म्हणाली, ऐका माझी फजिती.

चर्च भरलेलं. वेदीपुढे ट्रंपेटं, ढोल, क्लॅरिनेटं मांडलेली. गायनमंडळातल्या जुन्या मैत्रिणींनी तिला पहिल्या रांगेत उभं केलं, तिची जुनी जागा. ऑर्गन वाजला. तिने श्वास भरला आणि गायला लागली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिला वाटत होतं काय सुंदर लागतोय आवाज. डोळे मिटून, टाचा उचलून गात होती. तिसऱ्या कडव्याला शेजारच्या मैत्रिणीने तिला चिमटा काढला आणि कानाशी म्हणाली, "रेजिना, गळा बसलाय काय गं तुझा? कधीची नुसतं तोंड हलवतेस."

तिच्या गळ्यातून एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय. समोर ती गाणारी-वाजवणारी सगळी माणसं, मागे ऑर्गन, अडवायला कोणी नाही, आणि ही बाई यान्बूच्या हॉलमध्ये गावं तशी गात उभी. तिला कळलंही नाही.

हे सांगताना ती हसत होती. मीही हसले, हसण्यासारखंच होतं. पास्कोल हसला नाही, तो कपाटाकडे तोंड करून काहीतरी शोधत बसला. मग तिचंही हसू थांबलं.

मी म्हटलं, "आणि मग?"

"मग काय. चौथं कडवं शेवटचं होतं."

"ते तरी गायलीस ना?"

"ते गायले," ती म्हणाली. "पहिल्या ओळीला आवाज फाटला. म्हणजे माझाच मला ओळखू येईना, एवढा मोठा. पुढच्या ओळीला लागला. पुढे उभे होते ते वळून बघायला लागले." मग म्हणाली, "एक कडवं मिळालं, मावशी."

डिसेंबरात जेद्दाला ऑपरेशन झालं. गाठ पुरती निघाली, जिवाचा धोका टळला. आवाज गेला. अगदी मुकी झाली असं नाही. घोगरं, वाऱ्यासारखं बोलायची. मला आता मासे विकता यायचे नाहीत, म्हणायची. भाजीच्या दुकानात तो बंगाली पोरगा तिला दोनदा-तीनदा विचारायचा, क्या बोला. इस्पितळात रोग्यांना ऐकू जाईना तेव्हा तिने नोकरी सोडायचं ठरवलं. पास्कोलचंही वय झालेलं. इथे राहायच्या परवान्याची, इकाम्याची, मुदत संपत आली होती, तो पुन्हा नवा केला नाही. खलास, म्हणाला, घरी जाऊ. सामान आवरायला लागले. मी रोज जाऊन भांडी कागदात गुंडाळून दिली.

ऑपरेशननंतरचे शुक्रवार कसे होतील याची मला धास्ती वाटत होती. मला वाटलं ती बंद करेल, किंवा रडेल. पहिल्या शुक्रवारी मानेला पट्टी बांधून उभी राहिली आणि हात वर केला. मी स्टुलावरून बघत होते. शिरा तशाच फुगल्या. टाचा उचलल्या. घाम तसाच. बेनी कुठेतरी चुकला असणार, कारण त्याच्याकडे बोट झालं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की इथे काहीच बदललेलं नाही. बाहेर सगळ्या जगात तिचा आवाज गेला होता, या एका हॉलमध्ये तो होता तसा होता. कोण नाही म्हणणार होतं.

तो आवाज मी कधी ऐकला नाही. सांगायला हरकत नाही, मला गाण्यातलं काही कळत नाही, आणि ऐकला असता तरी चांगला की वाईट ते मला सांगता आलं नसतं. पण इतकी वर्षं समोर राहिलेल्या बाईचा आवाज कसा होता हे मला माहीत नाही. वसईत त्या दिवशी जे वळून बघायला लागले त्यांना माहीत आहे. त्यांचा मला हेवा वाटतो. आता फोनवर बोलतो आम्ही, पण ती घोगरी बाई वेगळी. तिच्याशी मी मुलांची चौकशी करते आणि ठेवते.

ती दोघं गेली तो दिवस शुक्रवारच होता. हॉल रिकामा, पडदे काढलेले, भिंतीवर फ्रिजच्या जागी मळका चौकोन. सामान खाली गाडीत गेलं होतं. तरी सगळे आले आणि त्या मोकळ्या लाद्यांवर उभे राहिले. माझं स्टूलही कोणाला तरी देऊन टाकलेलं, मी दाराला टेकून उभी. शेवटचं ते मराठी गाणं लागलं. शेवटची ओळ आली आणि रेजिनाने हात वर धरला, म्हणजे सूर सोडायचा नाही, लांबवायचा. लांबवत राहिले सगळे. मग एकेकाचा दम संपला. आधी त्या केरळच्या पोरींनी तोंड मिटलं, मग फिलिपिनो बाईने. बेनी लाल होऊन टिकून होता, तोही थांबला. खालून पास्कोल गाडीचा हॉर्न वाजवत होता. रेजिना टाचा उचलून उभी होती, तोंड उघडं, मान ताणलेली, आणि हात काही खाली घेत नव्हती.